दोन आत, चार बाहेर

आपल्या निधनाची बातमी आपल्याला सगळ्या गल्लीनंतर कळावी, हे अप्पारावांना फार लागलं. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला, शेवटची नऊ वर्षं हेडक्लार्क म्हणून बसलेला माणूस. त्यांच्या टेबलावर भोकरदन तालुक्यातला एकही कागद सहीशिवाय पुढे सरकला नव्हता. आणि त्यांची स्वतःची अंतिम बाब मात्र परस्पर निकाली निघाली होती. तीही भर दुपारी, ते जागेवर हजर असताना.

पण ते नंतर. आधी छाती.

छाती काही एका दिवसात बिघडली नव्हती. रेकॉर्ड रूमची धूळ आणि तिच्यावर रोजचं एक बंडल विड्या, अशी ती टप्प्याटप्प्यानं गेली. सत्त्याण्णवच्या दिवाळीत अप्पाराव आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढले आणि कंदील टांगून झाल्यावर पाच मिनिटं उतरलेच नाहीत. खाली लोकांना वाटलं, वरून गल्लीची पाहणी चालू आहे. खाली उभ्या असलेल्या प्रभावतीला, म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलीला, तसं वाटलं नाही. ती शाळेत मास्तरीण. न बोलणाऱ्यांचं कशात काय अडकलंय ते तिला बघताक्षणी कळे. भाऊबीज होताच तिनं वडिलांना जालन्याच्या एसटीत घातलं.

जालन्याच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एक नळी पुढे केली. "जोरात फुंका."

अप्पारावांनी उभी नोकरी पणाला लावून फुंकलं. बाई यंत्राकडे बघत म्हणाल्या, "हं, करा सुरू."

"केलं की."

बाईंनी मग चष्मा काढला. फुप्फुसाचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण उरलेल्यावर चांगलं जगता येतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. विडी आजपासून बंद. औषध ओढायचा निळा पंप सांगितल्याप्रमाणे घ्यायचा. रोज चालायचं, दम लागला की थांबायचं, गुडघ्यांवर हात टेकून वाकायचं, आणि पुन्हा चालायचं. "आणि श्वास घ्यायला शिकायचं," त्या म्हणाल्या.

साठ वर्षांत ही एकच गोष्ट आपल्याला कुणी न शिकवता येते, अशी अप्पारावांची समजूत होती.

बाईंनी शिकवलं. दोन आकडे मोजत नाकानं आत. मग शिट्टी वाजवताना करतात तसे ओठ करून, चार आकडे मोजत सावकाश बाहेर. समोर मेणबत्ती ठेवायची. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. हे बसून. दुसरं, कडक जमिनीवर उताणं पडायचं, गुडघे थोडे वर, पोटावर हलकंसं वजन ठेवायचं, आणि श्वास घेताना ते वजन वर उचललं जातंय का बघायचं. अप्पारावांनी लेखी आदेश मागितला. बाईंनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिला. घरी आल्यावर त्यांनी तो वहीत सुवाच्य उतरवला आणि वर लिहिलं, 'विषय : श्वास.'

अडचण एकच होती. हे कुणाला कळता कामा नये.

त्याचं कारण प्रभावतीच होती. तिची सोयरीक शहागडला जुळत आली होती. मुलगा हायस्कुलात शिक्षक, नाव काकासाहेब, वय सत्तावीस. त्याचे वडील मच्छिंद्र यांचं हायवेवर टायरचं दुकान. मध्यस्थ म्हणजे अप्पारावांच्या बायकोचे, नंदाबाईंचे सख्खे भाऊ, केदारखेड्याचे बद्रीनाथ. पंधरा दिवसांवर कुंकवाचा कार्यक्रम. आणि मुलगीही राजी होती, ही तर दुर्मीळच गोष्ट.

"दम्याचं घर म्हणलं की पोरगी राह्यली," नंदाबाईंनी पंप गव्हाच्या कोठीमागं दडवत निकाल दिला. "तुमच्या छातीचं लग्नानंतर बघू."

"लपवून कशाला?" प्रभावती म्हणाली. "सांगून टाका ना अप्पा."

"तू गप बस. तुला सोयरिकीतलं काय कळतं?" ज्या मुलीची सोयरीक तिला असं सांगून दोघांनीही विषय बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पाराव चालायला निघाले. आता, भोकरदनसारख्या गावात पहाटे गावाबाहेर निघालेल्या माणसाच्या हातात डबा असतो. तो का निघाला हे कुणी विचारत नाही, डबाच सांगतो. अप्पारावांच्या हातात काहीच नव्हतं. तीन जणांनी वळून पाहिलं. चौथे कडूबा. गल्लीतल्या लग्नामयताचं सगळं सामान कडूबाच आणत. त्यामुळं कुणाकडंही बघताना त्यांची नजर आपोआप माप घेई.

"अप्पाराव, रिकाम्या हातानं कुठं चालले?"

"सहज."

"सहज?" कडूबा चक्रावले. सहज चालणारा माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता.

तेव्हा गुप्ततेखातर दुसऱ्या दिवसापासून अप्पारावांनी डबा घेतला. पण डबा घेतलेला माणूस एक फर्लांग जातो आणि मोकळा होतो. अप्पाराव डबा घेऊन दोन किलोमीटर जात, मध्ये सहा ठिकाणी थांबत, गुडघ्यांवर हात टेकून वाकत, आणि भरलेला डबा घेऊन परत येत. चार दिवसांत त्यांच्या पोटाविषयी गावात गंभीर मतं तयार झाली. कडूबांनी बेलाचं चूर्ण आणून दिलं. एकानं इसबगोल सांगितलं, दुसऱ्यानं इसबगोलानं बिलकुल बिघडेल असं बजावलं.

शिवाय मोटारसायकली. आपल्याकडं ओळखीचा वडीलधारा पायी चालताना दिसला आणि गाडी थांबवली नाही, तर तो अपमान समजतात. "बसा काका, सोडतो." नको म्हटलं की, "का हो, आमच्यावर काही राग?" दोन ठिकाणी नसलेलं भांडण मिटवायला माणसं घरी आली. शेवटी अप्पाराव नाइलाजानं बसत. डबा सांभाळत मागच्या सीटवर बसून, न चालता, न मोकळे होता, सकाळी सात वाजता घराशी उतरणारा निवृत्त हेडक्लार्क गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला.

पण खरा घाव हापशावर बसला. तिथं बायकांची रांग. अप्पाराव जवळ आले तेव्हा दम चांगलाच लागला होता. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि नियमाप्रमाणे चार आकडे मोजत हवा सोडली. नेमकी तेवढ्यात बारीक शीळ वाजली. बादली धरून उभ्या असलेल्या शेजारच्या द्वारकाबाईंनी सावकाश मान वळवली. द्वारकाबाईंचं वय बासष्ट.

"नंदाबाई," संध्याकाळी त्या येऊन म्हणाल्या, "अप्पारावाला जपा. पोटाचं डोक्यात गेलंय."

अप्पाराव आतल्या खोलीत ऐकत होते. ज्या माणसानं एकतीस वर्षांत कचेरीतल्या कुठल्या बाईकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याच्या चारित्र्याचा असा शेवट व्हावा! त्यांना ठसका लागला. द्वारकाबाई तेवढ्यात म्हणाल्या, "आन् ही सर्दी. तुळशीचं पाणी ठेवा उशाशी. घोट घोट घेऊ द्या."

त्यानंतर सगळा व्यायाम घरातच करायचं ठरलं.

इथून पुढं जे झालं त्यात कुणाचीही चूक नव्हती, हे लक्षात घ्यावं. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र आणि सबळ कारण होतं.

जमिनीवर पडले, कारण डॉक्टरीणबाईंनी कडक जमीन सांगितली होती. डोकं उत्तरेला, कारण मोकळी हवा देणारी एकुलती एक खिडकी उत्तरेला होती. पाय मग दक्षिणेलाच जाणार. अंगावर पांढरी चादर घेतली, कारण कार्तिकातली गार फरशी होती. पोटावर किलोभर तुरीची डाळ, चादरीखाली. गुडघे वर ठेवायचे होते, पण एका गुडघ्यात वात होता, म्हणून ते त्यांनी तूर्त स्थगित ठेवले. उशाशी तांब्यात तुळशीचं पाणी. आणि मेणबत्तीचा व्यायाम बसून करायचा असला, तरी दोन बाबी एकत्रित निकाली काढायची कचेरीतली सवय जाईना. म्हणून तो आडवं पडूनच, मान कुशीला वळवून करायचा त्यांनी ठरवलं.

त्या दिवशी बाराला लाईट गेली होती आणि मेणबत्त्या संपल्या होत्या. पणत्या माळ्यावर, आणि दिवाळीपासून घरात स्टूल हा शब्दच निघत नव्हता. नंदाबाईंचे हात कणकेत होते. त्यांनी कणकेचाच दिवा वळला, आणि मग थबकल्या.

"अहो, हा असा लावत न्हाईत."

"तो धार्मिक नाही, वैद्यकीय आहे," अप्पाराव म्हणाले. "ठेवा उशाशी."

दिवा ठेवून नंदाबाई पिठाच्या गिरणीवर गेल्या. लाईट परत कधी येईल याचा नेम नव्हता, आणि नंबर लावला नसता तर संध्याकाळही गेली असती.

अप्पारावांनी सुरुवात केली. दोन आत, चार बाहेर. ज्योत झकास वाकत होती. उत्तरेच्या खिडकीतल्या वाऱ्यामुळं ती दक्षिणेकडं वाकत होती.

एवढ्यात दार वाजलं. "नंदाबाई, जरा विरजण द्या हो!" द्वारकाबाईंचा आवाज.

या बाईला कळणं म्हणजे शहागडला कळणं. उठून बसायला वेळ नव्हता. त्यांनी झोपेचं सोंग घ्यायचं ठरवलं. मान सरळ केली, डोळे मिटले. आणि छातीतली घरघर ऐकू जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरला. ओठांचा चंबू तसाच राहिला.

द्वारकाबाई दारात आल्या. त्यांनी पाहिलं. जमीन पाहिली, चादर पाहिली, पाय कुठं आहेत ते पाहिलं. तांब्यात तुळस पाहिली. उशाशी कणकेचा दिवा पाहिला, त्याचं तोंड पाहिलं. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना शेवटचं पाणी त्यांनी पाजलं होतं. त्यांना काही विचारायची गरज नव्हती. त्यांनी पदर तोंडाशी धरला, विरजणाची वाटी पालथी ठेवली आणि आल्या पावली मागं फिरल्या.

गेली बया, असं म्हणत अप्पारावांनी श्वास सोडला. दोन-चार फेऱ्या आणखी केल्या. आता एक गोष्ट खरी, की या व्यायामानं जीव फार शांत होतो. पंधरा दिवसांत न लागलेली गाढ झोप त्यांना तिथंच लागली.

तिकडं कोपऱ्यावर भुजंगचा एसटीडी बूथ होता. कुंकवाच्या कार्यक्रमासाठी लागणारे सगळे नंबर नंदाबाईंनी त्याच्याकडंच लिहून ठेवले होते. द्वारकाबाईंकडून कळताच भुजंगनं ती यादी वरपासून खालपर्यंत फिरवली. केदारखेडा, शहागड, प्रभावतीची शाळा. पोरगा तत्पर.

अप्पाराव जागे झाले ते रडण्यानं. खिडकीबाहेर कुणीतरी म्हणत होतं, "माणूस मात्र लाखातला. तेवढं शिट्टीचं सोडलं तर."

त्यांनी डोळे उघडले. ओसरीवर माणसं दाटली होती. दारात कडूबा उभे होते, खांद्यावर दोन हिरवे बांबू आणि बगलेत मडकं. त्यांची नजर अप्पारावांच्या टाळूपासून तळव्यांपर्यंत फिरली, आणि परत येताना उघड्या डोळ्यांवर अडकली.

"कोण गेलं?" अप्पारावांनी विचारलं.

कडूबांच्या बगलेतलं मडकं सुटलं आणि फुटलं. कुठल्याही अंत्ययात्रेत मडकं इतक्या आधी फुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तीन बायका किंचाळल्या, एकीनं हनुमानाचं नाव घेतलं, आणि द्वारकाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं," त्या एवढंच पुटपुटत होत्या. त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिली चूक होती.

गर्दी फाडून प्रभावती आत आली. शाळेतून पळत आली होती. बोटांना खडू तसाच. तिनं काही विचारलं नाही. सरळ गुडघ्यांवर बसली, चादर सारली आणि वडिलांच्या छातीवर तळवा ठेवला. तो खाली-वर होतोय हे कळायला तिला बराच वेळ लागला, कारण पळत आल्यानं धाप तिलाच लागली होती. निळ्या सदऱ्यावर खडूची पाच बोटं उमटली.

"व्यायाम करून राह्यलो होतो गं," अप्पाराव हळूच म्हणाले.

"सांगून करा!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ओसरीवरची माणसं चार पावलं मागं सरली. "आता तरी सांगून करा."

गिरणीवरून परतलेल्या नंदाबाईंनी आपल्याच दारातली गर्दी पाहून पिठाचा डबा रस्त्यात टाकला होता. त्यांचं रडून, भांडून आणि पीठ गोळा करून होईस्तोवर केदारखेड्याहून बद्रीनाथ आले, मेव्हण्याला जिवंत पाहून रीतसर हबकले, आणि मग त्यांनी खरी अडचण मांडली.

"शहागडचे निघाले. जीपनं. दोन तासात दारात येतेत. सांगायचं काय?"

"खरं सांगा," प्रभावती म्हणाली.

"खरं म्हणजे दमा." बद्रीनाथांनी कपाळाला हात लावला. "दाजी, राग मानू नका, पण गेले असते तर सोपं होतं. गेलेल्या सासऱ्यात कुणी खोट काढत न्हाई."

"न्हाई तर असं करू," कडूबांनी बांबू भिंतीला टेकवत सुचवलं, "ते येऊन जाईस्तोवर पडू द्या त्यांना. तासाभराचा तर प्रश्न. दर्शन घेऊन जातील."

अप्पाराव सुन्न होऊन ऐकत होते. आपलं जिवंत असणं इतक्या लोकांच्या गैरसोयीचं असेल, ही कल्पना त्यांना कधी शिवली नव्हती. अखेर ठराव झाला, की उपवासाची भोवळ आली होती असं सांगायचं. अप्पारावांनी धुवट टोपी घालून पलंगावर बसायचं, हसायचं, आणि घरघर कळू नये म्हणून एका वेळी तीन शब्दांच्या वर बोलायचं नाही.

साडेपाचला जीप आली. गर्दीमुळं ती गल्लीच्या तोंडाशीच अडली, म्हणून मच्छिंद्र आणि त्यांची बायको साळूबाई तिथून चालत आले. घराच्या ओट्याला सहा पायऱ्या. सहावी चढून मच्छिंद्र दारात आले, डोक्यावरची टोपी काढली, अंत्यदर्शनासाठी मान खाली घातली, आणि पलंगावरून प्रेतच म्हणालं, "या, बसा, सोयरे."

तीन शब्द. ठरल्याप्रमाणे.

मच्छिंद्रांचा चेहरा पांढरा पडला. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. हात हवेत काहीतरी शोधायला लागले, खांदे कानांपर्यंत चढले. "भोवळ आली! चप्पल हुंगवा! कांदा आणा!" दहा माणसं एकदम त्यांच्यावर वाकली.

आणि अप्पारावांनी पाहिलं, की मच्छिंद्रांनी सगळ्यांना ढकलून गुडघ्यांवर हात टेकले. वाकले. ओठांचा चंबू केला. पण हवा निघत नव्हती. नुसतं चिरकं काहीतरी वाजत होतं.

ती शीळ अप्पाराव ओळखत होते. हापशावर ती त्यांच्या चारित्र्यावर बेतली होती.

ते पलंगावरून अर्धवट उठले. तोंड उघडलं की संपलं. हे ज्ञान तुम्हाला कुठून, असं सगळी गल्ली विचारणार. नंदाबाई डोळ्यांनीच नको म्हणत होत्या. साळूबाई पदर चावत नवऱ्याकडं बघत होत्या आणि का कोण जाणे, पिशवी उघडता उघडता थांबत होत्या. मच्छिंद्रांचे ओठ निळसर व्हायला लागले.

"सरका!" अप्पाराव ओरडले. कचेरीतला आवाज होता तो. दहाही माणसं सरकली. "हवा येऊ द्या. मच्छिंद्रराव, माझ्याकडं बघा. खांदे सोडा. नाकानं, दोन. आता तोंडानं, सावकाश. एक, दोन, तीन, चार. घाई नाही. ज्योत वाकली पाहिजे, विझायची नाही. पुन्हा. प्रभा, कोठीमागचा माझा पंप आण!"

"थांबा," साळूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून पंप काढला. निळा. अगदी तसाच.

प्रभावतीनं आणलेला पंप आणि साळूबाईंच्या हातातला पंप. नंदाबाई एकदा याच्याकडं बघत होत्या, एकदा त्याच्याकडं.

मच्छिंद्रांनी आपल्या पंपाचं औषध ओढलं. अप्पाराव त्यांच्या पाठीवर हात ठेवून मोजत राहिले. दहाव्या-बाराव्या फेरीला ओठांचा रंग परत आला. ओसरीवरचे पुष्कळ जण तर नकळत बरोबरीनं मोजायला लागले होते.

"जालन्याच्या बाईच का?" अखेर मच्छिंद्रांना बोलता आलं.

"नळीत फुंकायला लावलं?"

"फुंकलं. म्हणल्या, करा सुरू."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"आम्हीच सांगितलं न्हवतं," साळूबाई खाली बघून म्हणाल्या. "म्हणलं, दम्याचं घर म्हणून पोरीवाले मागं सरतेन."

"आगं बाई," नंदाबाई एवढंच म्हणाल्या, पण त्यात सगळं आलं.

"सोयरीक मोडायची असंल तर..." मच्छिंद्र म्हणाले.

"कुणी मोडायची?" हे प्रभावती बोलली. आणि मग सगळे आपल्याकडं बघताहेत हे लक्षात येऊन चहा ठेवायला निघून गेली.

माणसं जमलेलीच होती. बद्रीनाथांनी पंचांग मागवलं, तिथी चांगली निघाली, आणि ज्यांनी मयताला म्हणून दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं त्यांच्यासमोर सुपारी फुटली. फक्त कडूबा ताटकळले होते.

"मंग ह्या बांबूचं काय करू?"

"मांडवाच्या आसपास दिसले तर बघा!" नंदाबाई कडाडल्या. कडूबांनी ते आपल्या परसात रोवले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढला आणि अमाप आला. गल्लीत सगळ्यांकडं दोडके गेले. नंदाबाईंनी एकही घेतला नाही.

फाल्गुनात लग्न झालं. आता शहागडचे व्याही चार-सहा महिन्यांनी तपासणीला जालन्याला येतात तेव्हा पुढं भोकरदनला दोन दिवस राहतात. सकाळी दोघं मिळून चालायला जातात. डबा कुणीच घेत नाही. थांबणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला अप्पाराव छापील उत्तर देतात : "राग नाही. दमा आहे." दुपारी जेवणाआधी दोघं जमिनीवर पडतात, डोकी उत्तरेला, पोटावर एकेक किलो डाळ. दोघांच्या मध्ये मेणबत्ती. कणीक त्या खोलीत आणायला बंदी आहे.

आणि बरोबर एक वाजता द्वारकाबाई दारात येतात. त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिलेला नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत, विरजणाचं नाव काढत नाहीत. कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि हजेरी घेतल्यासारखं ओरडतात,

"अप्पाराव!"

अप्पाराव उजव्या पायाचा अंगठा हलवतात.

"पाहुणे!"

मच्छिंद्रही हलवतात.

मगच त्या जातात. डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत हा व्यायाम नाही. पण अप्पारावांनी तो वहीत शेवटी, लाल शाईनं, स्वतःच्या अधिकारात समाविष्ट करून घेतला आहे.